सकाळच्या हजेरीतली खरखर

४ जून

रेडिओची सुई सातवर! कुणी बोलत नसताना, नुसती खरखर! परवापर्यंत दोनच्या वर जात नव्हती. मास्तरांनी रेडिओवर आम्हा म्हाताऱ्या हौशी मंडळींची रोजची हजेरी घेतली, माझं नाव पुकारलं असेल तर देव जाणे. आमचा कप्तान तर अजिबात ऐकू आला नाही. तो आधीच बारीक आवाजाचा, पाण्यापलीकडून छोट्याशा सेटवर बोलतो.

गच्चीवर जाऊन अँटेनाची तार बघितली. दोन्ही टोकं शाबूत, मधला जोड कोरडा, खाली येणारी केबल ठणठणीत. इतक्या वर्षांत या तारेने दगा दिलेला नाही. म्हणजे चोर घरातच आहे.

५ जून

घरातलं एकेक बटण बंद करत फिरलो. फ्रीज, पंखे, लेकीने बसवून दिलेलं इंटरनेटचं डबडं. सुई ढिम्म हलेना. शेवटी एकच वस्तू उरली. परवा भाड्याने आणलेलं हिचं ऑक्सिजनचं मशीन.

दारात नुसता उभा राहिलो. हिनेच ओळखलं. "आता माझ्यावर संशय वाटतं?"

म्हटलं, राहू दे गं.

"बंद करून बघा हो. एका मिनिटात मरत नाही मी."

बंद केलं, धावत रेडिओपाशी गेलो — सुई सटकन खाली! धावत परत आलो, चालू केलं. मिनिटभरही झालं नसेल, पण तेवढ्यात हिचे ओठ बदलले होते. मला बघवेना.

"सापडला चोर?" धाप लागलेली, तरी हसत होती. लग्न झाल्यापासून रेडिओला सवत म्हणत आली आहे. "एवढ्या वर्षांनी गाठलं बघा मी सवतीला!"

मला काही हसू आलं नाही.

६ जून

डॉक्टर येऊन गेले. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, ती आता मऊ होणार नाहीत. मशीन चोवीस तास हवं. आंघोळीलासुद्धा नळी काढायची नाही. हे सगळं हिच्यासमोर बोलले. जिन्यात मला वेगळं सांगितलं — "काका, वर्षांचा हिशेब धरू नका."

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या मेलेल्या लाइनी जिवंत केल्या. मला वाटायचं, दोष सापडला की अर्धं काम झालं. इथे दोष सापडलेला आहे. काय उपयोग?

९ जून

आजही नुसती खरखर. मधूनमधून मास्तरांचा एखादा शब्द. हिला म्हटलं, हजेरी सोडून देतो, नाहीतरी तेच तेच बोलतात म्हातारे.

अंगावर आली माझ्या! "सोडून काय करणार? माझ्या तोंडाकडे बघत बसणार दिवसभर? मला नाही चालायचं."

मग जरा वेळाने, "कप्तानाची बायको गेली, तेव्हा तो किती दिवसांनी आला हो हजेरीला?"

म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. रडला. कुणी मधे बोललं नाही, मग मास्तरांनी पुढचं नाव घेतलं.

"दुसऱ्याच दिवशी," म्हणाली. "बरं झालं." आणि कूस बदलली.

१० जून

आज सेटसमोर बसलो असताना मनात आलं — अर्धाच तास मशीन बंद ठेवलं तर?

लाज वाटली. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हिला हे कधी कळता कामा नये. इथे लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

१४ जून

तार हिच्या खोलीच्या डोक्यावरून काढून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. पाण्याच्या टाकीला पाइप बांधला, त्यावर एक टोक. दुसरं टोक जिन्याच्या छपराला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कमरेवर हात ठेवून बघत होते. "काका, वीज आमच्यावर पडायची." म्हटलं, पडली तर पहिली माझ्यावर पडेल, तुमचा नंबर मागे आहे!

गुडघे बोलायला लागले. जिना उतरताना दोनदा बसलो.

सुई सातवरून पाचवर आली. बरं आहे, पण कप्तान अजून खरखरीच्या खालीच आहे. फक्त तो आहे एवढं कळतं. शिट्टीसारखं काहीतरी येतं आणि जातं.

१९ जून

जमलं! जमलं! जमलं!

फेराइटची कडी कालच मागवून आणली होती. काळी, जड, मधून उघडतात आणि वायरीवर चाप बसवल्यासारखी मिटतात. वायरीतून बाहेर पडणारी खरखर ती गिळतात. आज हजेरीच्या आधी हिच्या पलंगाखाली आडवा होऊन मशीनच्या वायरीला ओळीने बसवली. ही वरून वाकून बघत होती. "मशीनला बांगड्या भरताय होय? करा हो, चोचले करा."

म्हटलं, आता नाही जमलं तर मी हरलो. दुसरा काही उपाय मला येत नाही.

"जमेल," म्हणाली. "जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या, तुमचं ओरडणं ऐकून माझी झोप मोडते."

दार ओढलं, हेडफोन चढवला, सेट लावला. थोडी खरखर होती, आणि मग एकदम — सुई एकवर! एकवर! मास्तर शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखे. आणि कप्तान! अख्खी वाक्यं! त्याचा खोकलासुद्धा ऐकू आला. "काय रे, कुठे मेला होतास इतके दिवस?" मी नुसता "आहे, आहे" म्हणत राहिलो. मास्तर म्हणाले, "भावना नंतर, आधी हजेरी."

परत येऊन हिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होती. घामाने भिजली होती. म्हणाली, उकडतंय.

इतक्या वर्षांत एवढी चोख जोडणी केली नव्हती मी.

२० जून

सकाळी पुन्हा स्वच्छ. संध्याकाळी सहज सेट लावला तर खरखर होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दिवे, चार्जर, काय काय चालू असतं त्या वेळी. सकाळी जग झोपलेलं असतं.

तरी मशीन एकदा बंद-चालू करून मोजून बघावं म्हटलं. ही चिडली. "झालं ना काम? मग आता उकरत काय बसता? चांगलं चाललेलं बघवत नाही का तुम्हाला?"

बरोबर आहे तिचं. माझी खोडच आहे ती.

२ जुलै

आता रोजचं ठरून गेलं आहे. मी हजेरीहून आलो की हिला बातम्या सांगायच्या. मास्तरांचा डोळ्याचा पडदा, कप्तानाच्या कुंडीतली मिरची, कुणाचा पाइप वाऱ्याने पडला. सवतीच्या माहेरची माणसं म्हणते त्यांना. मी काही गाळलं तर पकडते. "आणि कप्तान? तो काय म्हणाला?"

आज म्हणाली, "एकदा तरी भेटा हो त्याला. कुणीतरी समोर हवं माणसाला."

म्हटलं, तू आहेस ना समोर.



११ जुलै

लेकीचा फोन. रजा काढून येते म्हणाली. हिने नको म्हणून सांगितलं. "सकाळी घरात गडबड होते, मला नाही सोसत." कसली गडबड? मी एकटा, तोही दुसऱ्या खोलीत. पण हट्टापुढे इलाज नाही. लेक फोनवर रडली. "बाबा, आई मला का येऊ देत नाहीये?"

१७ जुलै

बोटाला लावायच्या चिमट्याने ऑक्सिजनचा आकडा बघितला. सकाळी फार खाली येतो, दुपारी जरा सावरतो. डॉक्टरांनाही कळेना. "पहाटे झोपेत नळी सरकत असेल." ही म्हणाली, "हो हो, सरकत असेल."

गालाला चिकटपट्टी लावून नळी पक्की केली. हजेरीहून आलो तेव्हा पट्टी सुटलेली. म्हटलं, अगं, काढतेस कशाला? म्हणाली, खाजते.

२९ जुलै

ती झोपली होती म्हणून आज लिहायला बसलो आणि काही सुचत नाही. हात लाकडासारखे झाले आहेत तिचे. लग्नात हातात बांगडी चढेना म्हणून सगळे हसले होते, इतके भरलेले होते.

मला भीती वाटते. कुणाला सांगू? पहिल्यांदा हिलाच सांगावंसं वाटतं.

६ ऑगस्ट

लेक न विचारता आली. बरं केलं. आईच्याच खोलीत झोपते.

७ ऑगस्ट

सकाळी पुन्हा खरखर. कप्तान बुडाला. कडी ढिली झाली असतील. बघायचा उत्साह नाही.

हिला म्हटलं, आज काही ऐकू आलं नाही. एवढी हळहळली! "माझ्यामुळे," म्हणाली. म्हटलं, तुझा काय संबंध, कडी ढिली झाली असतील.

१३ ऑगस्ट

हजेरीला गेलो नाही.

१५ ऑगस्ट

गेली. दुपारी. तिचा हात माझ्या हातात, डोकं लेकीच्या मांडीवर. मशीन चालू होतं. ती गेल्यावरही किती वेळ चालूच होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लेकीने उठून बंद केलं.

१६ ऑगस्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी. गेलो मी. लेक म्हणाली, बाबा, आज? म्हटलं, तुझ्या आईला चाललं असतं.

नाव पुकारल्यावर सांगितलं. एकाच वाक्यात सांगायचं ठरवलं होतं, अर्ध्यात थांबलो. कुणी मधे बोललं नाही. मग कप्तान, अगदी स्पष्ट, "मी आहे इथे. उद्याही आहे. तू फक्त ये."

मास्तरांनी पुढचं नाव घेतलं.

२६ ऑगस्ट

लेक परत गेली. चार वेळा दारातून माघारी आली. घर एवढं मोठं कधी झालं?

चहा दोघांचा टाकला. दोन्ही कप मीच प्यायलो.

२८ ऑगस्ट

मशीन न्यायला माणूस येणार. काल फोनवर म्हणाला, "काका, नीट चालतंय ना तेवढं बघून ठेवा." म्हणून सकाळी लावून बघितलं. आता हेडफोन लागत नाही, कुणाची झोप मोडायची नाही, म्हणून पलीकडच्या खोलीत स्पीकरवर कप्तान बोलत होता. मी बटण दाबलं आणि कप्तान गेला. नुसती खरखर. कडी बसवायच्या आधी होती तेवढी.

वाकून बघितलं. कडी जागच्या जागी, एकही ढिलं नाही. बंद केलं — कप्तान आला. चालू केलं — गेला.

माझ्या कड्यांनी कधी काही गिळलंच नव्हतं. मी दार ओढून गेलो की ही मशीन बंद करायची. मी बोलून परत येईपर्यंत. रोज.

माणूस खालून हाका मारतो आहे. मशीन चालू आहे. मला ते बटण बंद करवत नाही.