भाकर निवली

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

हसले! भर वणव्यात हसले!

पडद्यावर रान पेटलंय, गव्यांचा कळप जीव घेऊन पळतोय आणि म्होरक्या काळ्या ओरडतो — "चला, पुढे चला! मागे कोणी वळायचं नाही!" आवाज माझा. पुण्याला त्या बंद खोलीत सतरा वेळा घेतला होता, घसा बसेपर्यंत. आणि इथे तिसऱ्या रांगेतून कोणीतरी टगा ओरडला, "नारायणगाव मार्गेऽऽ पुणेऽऽ!" झालं! अख्खं थेटर फुटलं. शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी — हसून हसून.

मान खाली घालून बसलो. अंधार होता म्हणून वाचलो.

म्हणजे आवाज ओळखला लोकांनी. माणूस नाही. तेहतीस वर्षं जुन्नर स्टँडच्या चौकशी खिडकीत बसून गाड्या पुकारल्या, पण जाळीमागे कोण बसलंय ते बघतो कोण? शेवटी नावं येतात, त्यात माझंही येतं. पण त्याच्या आत दिवे लागतात आणि लोक चपला शोधतात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज परत गेलो. साडेदहाचा शो. लाज म्हणून काही शिल्लक नाही.

कालच्या रागात मूळ गोष्ट लिहायची राहिली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी काही पोरं स्टँडचा गलका टेप करायला आली होती. त्यातला एक दाढीवाला अर्धा तास माझ्या खिडकीशी उभा. मग म्हणाला, "काका, आमचा गवा सापडला!" मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. कार्टूनचा सिनेमा — 'डोंगरभाऊ'. दोन गवे, काळ्या थोरला, तांबू धाकटा. वणवा लागतो तेव्हा तांबू मागून हाका मारतो, पण काळ्यावर सगळा कळप. तो वळत नाही. कळप वाचतो, तांबू हरवतो. उरलेला सिनेमाभर काळ्या त्याला शोधत फिरतो. तीन दिवस पुण्याला जाऊन आवाज दिला आणि इथे कोणाला सांगितलं नाही.

सांगणार कोणाला? यशोधरा असती तर नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली असती आणि मध्येच उभी राहून "हे आमचे!" म्हणाली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. दाराला मी कुलूप लावतो, मीच काढतो.

शो सुटल्यावर लोकांच्या मागे मागे चाललो. काय बोलतात ते ऐकायचं होतं. एका बाईचं मत, गाणी लई लांब. एक म्हातारा म्हणाला, "समदं झ्याक, पर बिबट्या कशाला घातला? त्यो तर आमी फुकट बघतो." गाड्या लावतात तिथे दोघांचं जुंपलं होतं — "गवा भाकर खातो व्हय रं?" "का न्हाई? आमची म्हैस खाती की!" दहा मिनिटं चाललं. मी चपलेचा पट्टा नीट करत बसलो होतो.

आणि एक पोरगी, सहासात वर्षांची. आईला विचारत होती, "त्याच्या दादानं मागं का नाही बघितलं?"

"गप चल, गाडी सुटंल."

२६ ऑक्टोबर, रविवार

तिन्ही शो बघितले. दुपारचा भरलेला, संध्याकाळचा रिकामा. अंधाराच्या आत वस्तीवर पोचायचं असतं सगळ्यांना, बिबट्याची भीती.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने केलेत. 'थोरल्याचं बरोबर' आणि 'थोरल्याचं चुकलं'. कानावर पडेल तसं लिहितो. आज बरोबर नऊ, चुकलं चौदा. एक मिशीवाला जोरात म्हणाला, "कळप वाचवायचा का एक भाऊ? म्होरक्याला असलं चालत न्हाई राव." त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे उडवून लावलं — "कळपात दुसरं कुनीच नव्हतं का पुढं चालायला?"

ती चौदावी.

हे सगळं मी कशासाठी करतोय ते मला ठाऊक आहे. पानापासून काय लपवायचं?

अकरा वर्षांपूर्वीची दिवाळीची गर्दी. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, जादा गाड्या, दुसरा कंट्रोलर रजेवर. गावाकडून, पिंपरी पेंढारहून, अमृतचा फोन आला — दादा, आबा तुझं नाव घेत्यात, ये. म्हटलं, गर्दी ओसरली की निघतो. दुपारी परत फोन. चारला परत. तिन्ही वेळा तेच सांगितलं, आणि लगेच माइक हातात घेतला. रात्री नऊला घरी पोचलो. आबा सातला गेले होते.

अमृत दारातच उभा होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साऱ्या तालुक्याला हाका मारतोस. बाप तुला हाका मारून मारून गेला."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याने बोलावलं नाही, मी गेलो नाही. पिंपरी पेंढारची गाडी मात्र रोज पुकारली — सकाळी साडेसात, फलाट तीन. एकदाही तिच्यात बसलो नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बरोबर अकरा, चुकलं वीस. उद्या जाणार नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रमणलालशेठना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!

थेटरसमोर त्यांचं कापडाचं दुकान. सकाळचा चहा आमचा तिथेच होतो, वीस वर्षं झाली. आज कप खाली ठेवत म्हणाले, "धम्मपालभाऊ, पाच दिवस रोज तिकीट काढता. त्यांनी आवाजाचे दिले, त्यातले निम्मे तुम्ही थेटरवाल्याला परत केले की!" मी चहा फुंकत राहिलो. "अहो, माझ्या नातीने ओळखलं, टीनाने. म्हणाली, दादाजी, हा गवा तर चहाला येतो आपल्याकडे."

मग विचारलंच. म्हटलं, शेठ, खरं सांगा, थोरल्याचं बरोबर की चूक? त्यांनी गादीवरची सुरकुती नीट केली. "बरोबरच होतं," म्हणाले. "पण ते बरोबर होतं म्हणून तांबूला बरं वाटेल, असं थोडंच आहे? तुमचा गवा दीड तास बरोबर कोण ते सांगत फिरला असता तर मी उठून आलो असतो. तो हाक मारतो म्हणून बसलो."

हे कोणत्या रकान्यात लिहायचं? वही मिटून ठेवली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

हाकेबद्दल लिहायला हवं. झोपण्यापूर्वी लिहून टाकतो.

कागदावर वाक्य होतं, "ये भावा, मी आलो आहे." दहादा म्हटलं, दहादा पडलं. शेवटी दाढीवाला वैतागला. "काका, कागद ठेवा. लहानपणी तुम्ही धाकट्या भावाला कशी हाक मारायचात?" तोंडातून आपोआप निघून गेलं — "ये रंऽऽ, भाकर निवलीऽऽ!" काचेपलीकडची पोरं उठून काचेशी आली. तेच ठेवलं त्यांनी.

हाक मूळची आईची. आक्काबाईची हाक म्हटली की सगळी वस्ती ओळखायची. तिला दम लागायला लागला तशी हाक माझ्याकडे आली. दिवस कलला की विहिरीच्या धावेवर उभा राहून मी ओरडायचो आणि लांबून, कुठल्यातरी बांधामागून अमृत ओरडायचा, "तू खाऽऽ, माझी झाकून ठेवऽऽ!" खेळ सोडवायचा नाही त्याच्याने. मी झाकून ठेवायचो. त्याच्याआधी कधी खाल्ली नाही.

सिनेमात हाकेला उत्तर नाही. डोंगर दाखवतात, वारा, आणि तांबू नुसता वळून बघतो. तीनचार सेकंद. रोज त्या जागी माझे ओठ हलतात.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे. त्याने दोनदा बदलला, दोन्ही वेळा संपतने गाडीतल्या गाववाल्यांकडून आणून दिला. संपत म्हणजे खालच्या खोलीत राहणारा कंडक्टर, पिंपरी पेंढारच्या गाडीवर असतो. कधी लावला नाही. तेहतीस वर्षं लाखो लोकांना पुकारलं, आणि दहा आकडे दाबता येत नाहीत!

२ नोव्हेंबर, रविवार

घरी येऊन चपला न काढताच लिहायला बसलो.

दुपारच्या शोला एक पिकअप भरून पोरं आणि म्हातारीकोतारी आली. उतरताना बोलणं ऐकलं — पिंपरी पेंढारची माणसं! मफलर नाकापर्यंत ओढला आणि त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. बरोबर पुढे गेणभाऊ. आमच्या शेजारचा मळा त्यांचा. ऐंशीच्या घरात असतील, कान अजून तिखट.

वणव्यात पोरं हसली. हसू देत, आता सवय झाली. मग ती हाक आली. गेणभाऊ खुर्चीत ताठ झाले. शेजारच्याचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं! ही तर आक्काबाईची हाक!"

"कोन आक्काबाई?"

"भागुजीची! अमृतची आय! आरं, रोज ऐकलीया ह्या कानांनी. ह्या गव्याला कुनी शिकिवली?"

हात पुढे केला असता तर त्यांच्या खांद्यावर पडला असता. एवढंच म्हणायचं होतं — गेणभाऊ, मी धम्मपाल. अमृत कसा आहे?

दिवे लागायच्या आत उठून आलो. पळून आलो म्हणायचं!

३ नोव्हेंबर, सोमवार

भित्रा आहे मी. दुसरं काही नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

उद्या सिनेमा उतरतोय. आज दुपारच्या शोला चौदा माणसं. हाकेच्या वेळी दोन जण फोन बघत होते. एक बाई बाहेर पडताना नवऱ्याला म्हणाली, "माज्या भावाला फोन लावते." एवढी कमाई झाली म्हणायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचा दिवस. नाही गेलो. स्वतःचाच आवाज ऐकून कंटाळा आला. गेणभाऊंनी सांगितलं असतं तर चार दिवसांत काहीतरी आलं असतं. फोन, निरोप. आलं नाही, म्हणजे समजायचं ते समजावं. दुपारी झोपलो. उठलो तेव्हा चहा प्यायला तरी कशाला उठायचं, असं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल जायला हवं होतं! रोज गेलो, नेमका काल नाही!

शेठनी सांगितलं. टीनाने हट्ट केला म्हणून तिला घेऊन ते शेवटच्या शोला गेले होते. उणीपुरी सहा माणसं. दाराजवळ एक जण एकटाच. निळा स्वेटर, पन्नाशी उलटलेली. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाली बाई आली, तरी उठेना. पडद्यावर नावं सरकत होती, ती बघत बसलेला. मग टीनाला म्हणाला, "बाळ, चष्मा इसरलो. त्या काळ्या गव्याला आवाज कुनी दिलाय, वाच बरं."

टीनाने वाचलं. धम्मपाल भागुजी भालेराव. मधलं नाव मीच हट्टाने घालायला लावलं होतं.

"परत वाच," म्हणाला. तिने परत वाचलं. पण पडद्यावरून नाव गेलं होतं, पाठच झालेलं सांगितलं. मग तो दारात थोडा वेळ थांबला आणि गेला.

"कोण होता हो?" शेठनी मला विचारलं. म्हटलं, मला काय माहीत? निळे स्वेटर तालुक्यात हजार असतील.

पण विचारणारा एकच निघाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. दोनदा दार उघडून बघितलं. वारा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी संपतने दार वाजवलं, हातात फडक्यात बांधलेला डबा. गावाकडून पोरांना येतात तसा, गाडीतून आलेला. म्हणाला, "पिंपरी पेंढारात एक जन खिडकीशी आला. सवताचं नाव न्हाई सांगितलं, तुमचं तेवढं घेतलं, पर आवाज थेट तुमच्यावानी. म्हनला, एक भाकर दिलीय, दुसरी झाकून ठेवलीय. आन् रिकामा डबा गाडीत द्यायचा न्हाई, सवता घेऊन यायचं."

बाजरीची होती. तासाभराच्या वाटेने आली तरी मधे कोमट. उभ्यानेच खाल्ली. डबा घासून पालथा घातलाय.

उद्या सकाळी साडेसात. फलाट तीन.