शेवटची रेघ

३ तारीख
सामान लागले. बिऱ्हाड मनासारखे आहे: वरच्या मजल्यावर दोन खोल्या व पुढे मोकळी गच्ची. घरमालकीणबाईंची अट एकच. गच्चीवर कपडे वाळतात, तेव्हा यंत्र रोज उभारावे आणि रोज उचलावे. चंद्रावर रेडिओ-संदेश धाडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणार आहे, असे सांगताच त्यांनी विचारले, की तिकडून उत्तर कोण देणार, तुमचे सासरे? पत्नी गेल्यापासून मी आज प्रथमच हसलो असेन.

७ तारीख
अँटेनाची तबकडी पूर्ण झाली. ती छत्रीसारखी मिटते. आजारपणापूर्वी निम्मी जाळी पत्नीनेच काड्यांना शिवली होती, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. उरलेली मी शिवली. माझे टाके पाहून तिने कपाळावर हात मारला असता. तिपाई बनवणाऱ्या वेल्डरने बजावले आहे, की काका, चंद्र खाली आला तर माझे नाव सांगू नका.

आम्ही दोघेही हौशी रेडिओचालक; आमचे लग्नच मुळी मोर्सच्या टिंब-रेघांतून जुळले. आमच्या छंदात एक शिष्टाचार आहे. संभाषण संपताना दोघांनीही दोन टिंबे द्यावयाची, तो निरोप. त्यावाचून यंत्र बंद करणे असभ्य मानतात. घराबाहेर पडतानाही आम्ही एकमेकांच्या तळहातावर बोटाने दोन टिंबे देत असू. रुग्णालयात मला बाहेर बसवले होते. ती दोन टिंबे तेवढी राहून गेली.

११ तारीख
यश! दुपारी अर्धा चंद्र वर आला. तिच्या मोर्स पाठवायच्या पितळी कळीवरून ‘आता तुम्ही बोला’ ही खूण पाठवली: रेघ, टिंब, रेघ. चंद्रापर्यंत जाऊन परतायला संदेशाला सुमारे अडीच सेकंद लागतात. तितक्यानेच तो आला, दूरच्या शिट्टीसारखा क्षीण. मी पोरासारख्या टाळ्या पिटल्या. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, चंद्राशी बोलता, पण माझा फोन मात्र तीनदा वाजल्याशिवाय उचलत नाही. १९ तारखेला, रविवारी, ती मला कायमचे आपल्या घरी नेऊ इच्छिते. पाहू, म्हणालो.

१४ तारीख
प्रत्येक रेडिओचालकाचा हात ओळखू येतो, अक्षर ओळखू यावे तसा. पत्नी शेवटची रेघ किंचित लांबवीत असे. मी लांबवीत नाही.

आज परतलेल्या खुणेतली शेवटची रेघ लांबलेली होती.

तारा तपासल्या, प्रवर्धक तपासला. दोष कोठेही नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. मी कानांवरचे हेडफोन काढले नाहीत, अंधार पडला तरी. निरोपाची टिंबे न देताच उठलो. देववली नाहीत.

१६ तारीख
प्रतिध्वनी लवकर येत आहे. दोन सेकंद, फार तर. चंद्र तर जागच्या जागी आहे. म्हणजे संदेश ज्यावरून परततो, ते चंद्राहून अलीकडे आहे.

आणि मी पुन्हा तीच खूण पाठवली. बोला. बोला.

१७ तारीख
एक सेकंद. आवाज आता क्षीण नाही.

लेकीला सारे सांगितले. ती रडत म्हणाली, की बाबा, आईला जाऊ द्या हो, मला निदान तुम्ही तरी उरा. मी शब्द दिला: उद्या दोन टिंबे देईन आणि यंत्र मिटवीन. उद्या शनिवारीच ती येते आहे, रविवारची वाट न पाहता.

१८ तारीख
सकाळ. चंद्र मावळलेला. गच्चीवर घरमालकीणबाईंच्या चादरी. तबकडी मिटलेलीच. केवळ निरोपापुरता कळीला हात लावला—

बोटांनी दोन टिंबे दिली नाहीत. रेघ, टिंब, रेघ दिले. इतक्या वर्षांची सवय म्हणावे, तर माझा हात मी ओळखतो.

उत्तर तत्काळ. मध्ये अंतरच नाही.

दुपार
वीज तोडली. हेडफोन पेटीत. तरीही ऐकू येते— खोलीत. खुर्चीच्या मागे. रुग्णालयातल्या औषधाचा वास.

वळून पाहिलेले नाही. भीती वाटते, हे लिहिताना लाज वाटते. तिची भीती मला कशी—

लेकीचा फोन वाजतो आहे. तीनदा. पोहोचायला तासभर लागेल म्हणाली होती.

डावा हात टेबलावर उताणा ठेवला आहे. तिने दोन टिंबे द्यावीत, मी ती परत करीन. शब्द दिला आहे. मग ती जाईल. तिला जाऊ—

तळहातावर बोट टेकले. गार.

हे टिंब नव्हे. रेघ.

आता टिंब.

पुन्हा रेघ— बोट उचलत नाही— ती लांबवते आहे— लांब—