आधी काय संपलं

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडचं कळव, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझी लेक मासोळी माझ्याकडे सुखरूप आहे. जेवते, झोपते, माझ्या कपाटातला एक कप्पा तिने बळकावलाय. वहिनीला सांग, स्वेटर घरी राहिला म्हणून काळजी करू नकोस, माझा घालते. बाह्या लांब होतात, दुमडून घेते.

काल तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही, कारण तू ओरडत होतास आणि तुझी मुलगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. "तिला आत्ताच्या आत्ता घरी पाठव, आणि पोरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवणं बंद कर!" एवढं बोलून तू फोन ठेवलास. तर मी काय भरवलं ते ऐक.

परीक्षा तोंडावर आलीय. रसायनशास्त्रातल्या मोलच्या गणितांची उजळणी चालू आहे. पुस्तकातली गणितं मुलांना पाठ झालीत, म्हणून मी वर्तमानपत्रातलं एक घेतलं. तरणतलावावरच्या वायुगळतीचा तज्ज्ञ अहवाल छापून आला होता ना, तोच. अ‍ॅसिडच्या टाकीत चुकून ब्लीचचा वीस लिटरचा कॅन ओतला गेला. अहवाल म्हणतो, टाकीत तळाशी जेमतेम अर्धा लिटर अ‍ॅसिड होतं. तर क्लोरीन किती तयार झाला? साधं गणित. दोन पदार्थांपैकी आधी कोणता संपतो ते शोधायचं, कारण तो संपला की क्रिया थांबते. दुसरा कितीही उरला तरी उपयोग नाही.

वर्गाने भराभर सोडवलं. अ‍ॅसिड आधी संपतं, क्लोरीन एकशे सत्तर ग्रॅम. अहवालातही तेवढाच आकडा. मी फळ्यावर लिहून मागे वळले, तर मासोळीचा कागद कोरा.

"मॅडम, अ‍ॅसिड अर्धा लिटर नव्हतं."

"दिलेल्या माहितीवरून सोडव गं."

"दिलेली माहितीच खोटी आहे."

वर्ग हसला. मला वाटलं, गणित जमलं नाही म्हणून फाटे फोडतेय. ती मात्र उठून फळ्यापाशी आली, माझ्या हातातला खडू घेतला आणि टाकी निम्मी भरलेली धरून सगळं नव्याने मांडलं. मग आधी संपतं ते ब्लीच. वीस लिटरमध्ये दोन किलो, म्हणजे सत्तावीस मोल. एका मोलला एक मोल क्लोरीन. एक हजार नऊशे ग्रॅम! जवळजवळ दोन किलो विषारी वायू, बंद छताखाली, पोरं पाण्यात असताना. मघाशी हसणारेही वहीत उतरवून घेऊ लागले. खरं सांगते, इतकं स्वच्छ गणित माझ्या वर्गात फार दिवसांत कुणी मांडलं नव्हतं. एककंसुद्धा चुकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "कुणाचा तरी फोन आला होता. तो प्रश्न मागे घ्या." मी म्हटलं, "सर, प्रश्न मागे घेता येईल. उत्तर कसं घेऊ?" तेव्हापासून ते माझ्याशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलतात.

अहवाल लिहिणारे गृहस्थ हुशार असणार. आकडा लहान झाला की किती गोष्टी आपोआप सुटतात बघ. एवढ्याशा वायूने कुणाला काय होणार? म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाईंची फुप्फुसं आधीपासूनच खराब होती. "जुना दमा असावा," असं लिहून मोकळे, म्हणजे उपचारांचा खर्चही द्यायला नको. त्या बाईंनी शिट्टी मारून सगळी पोरं बाहेर काढली, आणि कपडे बदलायच्या खोलीत एक मुलगी राहिली म्हणून पुन्हा आत गेल्या. आज त्यांना एक वाक्य दोन श्वासांत बोलावं लागतं. आणि पंपवाले काका? निष्काळजी म्हणून घरी बसवले. दोन टाक्यांची तोंडं शेजारीशेजारी, झाकणं एकसारखी, वर एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि दोष कुणाचा? ओतणाऱ्याचा! ती खोली आखणाऱ्याचा नाही.

पुरे झालं. मघापासून मी "गृहस्थ, गृहस्थ" करतेय. ती खोली तू आखलीस. अहवालही तूच लिहिलास. मला हे ठाऊक नव्हतं. फळ्यावरचं गणित झाल्यावर मासोळीने मला व्हरांड्यात सांगितलं. त्या सकाळी तू तिला तरणतलावावर सोडायला गेला होतास. पंपाच्या खोलीत डोकावलास, अ‍ॅसिडच्या पांढऱ्या टाकीवर टिचकी मारलीस आणि काकांना म्हणालास, "अजून निम्मी भरलेली आहे, आता पंधरा दिवस बघायला नको." ती तुझ्याशेजारी उभी होती, दादा!

कपडे बदलायच्या खोलीत राहिलेली मुलगी कोण, ते मी तुला सांगायला नको. ते माहीत असूनही "दमा असावा" हे शब्द तुला सुचले तरी कसे? ज्या बाईंनी तुझी पोर खांद्यावर टाकून बाहेर आणली, त्यांना तू खोटं पाडलंस. आणि वर मलाच विचारतोस, पोरांच्या डोक्यात काय भरवतेस म्हणून!

पुढच्या गुरुवारी चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. मासोळी तिथे बोलणार. मी तिला पढवलेलं नाही आणि अडवणारही नाही. सोळा वर्षांच्या मुलीवर भर सभेत बापाचं नाव घ्यायची वेळ आणायची की नाही, ते तू ठरव.

वहिनीला नमस्कार. तुला काय लिहावं ते सुचत नाही.

तुझी धाकटी बहीण


शुक्रवार, २० फेब्रुवारी

दादा,

काल तू आलास. मासोळीचं नाव पुकारायच्या आत उभा राहिलास, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आपला दादा अजून आहे.

मग तू तोंड उघडलंस. "टाकी निम्मी भरलेली होती. अहवालात पन्नास लिटरऐवजी अर्धा लिटर पडलं. टंकनदोष."

टंकनदोष!

समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली, आकडा दुरुस्त केला. दम्याचं वाक्य काढलं. टाक्यांची तोंडं वेगळी करायचं ठरलं, पंपवाले काका सोमवारपासून कामावर. ते तुझे हात हातात घेऊन रडले, आणि तू घेऊ दिलेस. मुख्याध्यापकांनी मला बाहेर गाठलं. "बघा, सगळं गोडीत मिटलं." मी त्यांना नमस्कार करून पुढे गेले. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं देव जाणे.

जे व्हायला हवं होतं ते झालं, हे मी नाकारत नाही. त्या बाईंचे उपचार आता थांबणार नाहीत. पण तू आलास तो सत्यासाठी, की नाव निघू नये म्हणून, हे मला कळलेलं नाही. आणि मुलीला तर पक्कं कळलंय. घरी येताना म्हणाली, "आत्या, टंकनदोषाने कुणाला दमा होतो का गं?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर तिला लिही.

तू दारात ठेवून गेलेली कपड्यांची बॅग तिने आत घेतली, पण उघडलेली नाही. बेल वाजवली असतीस तर मी दार उघडलं असतं, एवढं तरी तुला ठाऊक असायला हवं.

आज सकाळी मी तिला सरळ विचारलं, घरी कधी जाणार? तिने एकच अट घातली. तू त्या बाईंच्या घरी जायचंस आणि 'दमा' हा शब्द खोटा होता, एवढं त्यांच्यासमोर म्हणायचंस. साक्षीला कुणी नको, ती स्वतःसुद्धा येणार नाही. तू "सांगितलं" म्हणालास की ती मानेल. अजून एवढा विश्वास तिच्याकडे शिल्लक आहे. माझ्याकडे असता तर मी हे पत्र इतकं बजावून लिहिलं नसतं.

त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. खालून फोन करून त्यांना बोलावू नकोस. भिडेपोटी त्या उतरतील, आणि परत चढताना त्यांचे हाल होतील. तू वर जा.

वाट बघणारी,
तुझी बहीण