खिडकीवाला, सफरचंदवाला आणि यांनी लावलेलं कुलूप

प्रिय धाकट्या वन्सं,

बार्सकोऊनहून तुमच्या वहिनीचा सलाम आणि दोन्ही गालांचे मुके. मेंढ्या धडधाकट आहेत ना, घोडीचा पाय सुधारला का, भावोजींचा खोकला थांबला का? (जनावरांचं आधी विचारलं म्हणून भावोजींनी रुसू नये, जनावरं खोकल्याचे लाड करून घेत नाहीत.) आम्ही बरे आहोत. जर्दाळू वाळवून झाले, गुडघे नेमाने दुखतात. पत्र धाकटी सून बुरूलाय लिहिते आहे, मी सांगते आहे. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उत्तर देतात.

तर गोष्ट अशी की घरात नवा संगणक घ्यायचं ठरलं, आणि त्यापायी घराचीच वाटणी व्हायची वेळ आली. जुना तुम्ही पाहिला आहे, यांनी पेन्शनीत निघाल्यावर घेतलेला. आता तो सुरू केला की तुमच्या मामेसासऱ्यांसारखा धापा टाकतो. शेवटचे दोन हिवाळे हे रोज दुपारी त्याच्यापुढे बसून एका बोटाने टकटक करत होते. सात पिढ्यांची वंशावळ, कुठल्या साली किती बर्फ पडला, कोणी कोणाचा घोडा पळवला, सगळं. मी एकदा विचारलं, त्यात मी आहे का? म्हणाले, "आहेस. बरीच आहेस." म्हटलं, मग वाचून दाखवा. तर म्हणाले, "वसंतात दाखवतो. तुझं भांडकुदळपण अजून लिहून संपलं नाही." वसंत आला, तोवर हे राहिले नाहीत. (बुरूलाय, डोळे पूस आणि लिही, कागद ओला होतोय.) मला अक्षर येत नाही हे तुम्ही जाणताच. तेव्हा या सगळ्या संगणकपुराणात माझा जीव एवढ्यातच अडकला आहे, की यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं ते कोणीतरी मला वाचून दाखवावं.

थोरला साबिरबेक बिश्केकहून मुद्दाम आला. त्याचं म्हणणं, खिडकीच्या चिन्हाचाच घ्या. कचेऱ्या, शाळा, सगळा मुलूख तोच वापरतो, बिघडला तर बाजारात पावलापावलाला त्याचे वैद्य. धाकट्या तिलेकला सफरचंदाच्या चिन्हाचा हवा. (घर रिवाजाप्रमाणे धाकट्याचं, आवाज मात्र थोरल्याचा.) तो लग्नांचे फोटो काढतो आणि त्याचा फोनही त्याच कुळातला. मी विचारलं, बाबांनो, दोघांत फरक काय? दोघं तासभर बोलले. चहाच्या दोन किटल्या संपल्या. मला कळलं ते असं, की ही सोयरीक जमवण्यासारखी गोष्ट आहे. खिडकीवाल्यांचं घर मोठं, दार उघडं, चुलत-मावस इतके की कोण कोणाचं याची मोजदाद नाही. सफरचंदवाले खानदानी. तिथे नातं जोडलं की फोन, घड्याळ, कानातली बोंडं, सगळं त्यांच्याच कुळातलं आणावंसं वाटतं, आणि मुलीसाठी कलीम किती मोजायचा असं विचारलं तर बसलेला बाप उभा राहतो. तिलेक म्हणाला, "दादाला रंगातलं काय कळतं? त्याच्या घरचे पडदे बघा." साबिरबेक म्हणाला, "पडदे तुझ्या वहिनीने निवडलेत, जाऊन तिलाच सांग." झालं, संगणक राहिला बाजूला.

मी गप्प बसून ऐकत होते. (बुरूलाय मान हलवते आहे. बरं, फारशी बोलले नाही.) मला वाटतं वन्सं, हे भांडण संगणकाचं नव्हतंच. बाप होता तेव्हा भांडायलासुद्धा त्याची परवानगी लागायची. आता ती लागत नाही, म्हणून कुठे थांबायचं तेच पोरांना समजत नाही.

मग कोणीतरी म्हणालं, आधी जुन्यातलं काढून तर घेऊ. उघडायला गेले, तर यांनी कुलूप घातलेलं. शब्द टाकल्याशिवाय आत जाता येत नाही. साबिरबेकने खाकरून स्वतःचं नाव टाकलं. उघडलं नाही. तिलेक हसला आणि त्याने आपलं टाकलं. मग त्याचंही हसू गेलं. करड्या घोड्याचं नाव टाकलं, कुत्र्याचं टाकलं, सातही बापजाद्यांची टाकून झाली. शेवटी दोघं तोंड पाडून बसले. एवढे मोठे बाप्ये, पण बापाने आपलं नाव ठेवलं नाही हे दोघांच्याही मनाला लागलं. त्या दिवशी प्रथमच ते एकाच बाजूला बसलेले दिसले.

एवढ्यात जावई आले, जोओमार्त. सासुरवाडीत जावयाने दाराजवळ बसून कमी बोलावं, पण त्यांना तिसरीच सोयरीक सुचली, पेंग्विनच्या चिन्हाची. ती म्हणे फुकट असते. मी म्हटलं, कलीम न मागता मुलगी देणाऱ्या घरात काहीतरी खोट असणार. तर म्हणाले, "आई, खोट काही नाही, तिथे सगळे एकमेकांची कामं हौसेने करतात." नवा घ्यायलाच नको, जुन्यावरच पेंग्विन बसवला की तो पुन्हा धावेल. फक्त आधी आतलं सगळं पुसावं लागेल, आणि कुलूप असं आहे की आतली तबकडी काढून दुसरीकडे लावली तरी ते तिच्याबरोबरच जातं, तेव्हा तसंही काही हाती लागणार नाही. दोन्ही भावांनी लगेच मान डोलावली. दोघेही सारखेच हरले होते, त्यामुळे दोघांनाही न्याय झाल्यासारखं वाटलं. मी जावयांना काठोकाठ भरून चहा दिला. (भरलेली वाटी म्हणजे आता निघा, हे त्यांना कळलं, ते घटकाभरात उठले.) पण येत्या रविवारी पुसायला येणार आहेत.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुमची वहिनी

ता. क. जर्दाळूची पिशवी मार्शरुत्काच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. पिशवीत वरचे चांगले आहेत. खालचे भावोजींसाठी.

ता. क. दुसरा. कुलपाचा शब्द मला ठाऊक आहे. लावला त्याच दिवशी यांनी सांगितला होता. तुमच्या आई ओढ्यापलीकडून यांना ज्या लाडक्या नावाने हाक मारायच्या, तेच. म्हणाले, "किल्ली तुझ्याकडे ठेवतो. तुझ्या तोंडून ती कधी निघायची नाही, याहून भक्कम जागा नाही." चेष्टा करण्यात उभा जन्म घालवला, जाताना तरी सोडावी. पोरांना ते नाव माहीत नाही. सून म्हणून मी एकावन्न वर्षांत यांचं कुठलंच नाव उच्चारलं नाही. परवा गोठ्यात एकटी जाऊन प्रयत्न केला. गायीने रवंथ थांबवून बघितलं, मी परत आले. बुरूलायला सांगावं, तर तिला सासऱ्याचं नाव चालत नाही. ती म्हणते लिहिलं तर चालतं. मी म्हणते लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच. तुम्ही बहीण आहात, तुम्हाला कसली आडकाठी? रविवारच्या आत या. संगणक कुठल्याही कुळातला घ्या म्हणावं, जो न गाळता वाचून दाखवेल त्याच्या पसंतीचा.

ता. क. तिसरा. आल्यावर ते नाव आधी यंत्रात टाकू नका. माझ्याजवळ बसा आणि एकदा मोठ्याने म्हणा. मला घ्यायची बंदी आहे, ऐकायची नाही.