विरजणातल्या सासूबाई

१ डिसेंबर, सकाळ

नातीने डायरी आणून दिली. म्हणाली, आजी, ग्रुपवर दिवसाला वीस टिपा टाकतेस, त्या इथे लिही, आमच्या मोबाइलला जरा श्वास घेऊ दे. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातही तिसरी दोनदा केली, त्यामुळे पाया पक्का. डायरी कुणाला दाखवायची नाही असं ठरवलंय.

आजची टीप : मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकावेत, मीठ ओलं होत नाही. सूनबाईच्या बरणीत टाकले.

आजचा संकल्प : सुनेच्या स्वयंपाकघरात ढवळाढवळ बंद. तशी मी करतच नाही. माझ्या सासूबाई करायच्या. मी दूध तापायला ठेवलं की मागून आवाज यायचा, दूध जास्त तापलंय. वळून बघावं तर बाई खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या, जशा काही गावाला गेल्यात. आपण असं व्हायचं नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलं, आणि झाले नाही.

दाणे टाकता टाकता सूनबाईला सांगितलं की बरणीची जागा चुकलीय. ही ढवळाढवळ नव्हे. माहिती.

३ डिसेंबर

नात नवीन वर्षात लांब शिकायला जाणार. दातांच्या कवळ्या बनवायचा कोर्स. पहिली कवळी माझी करणार म्हणते. सध्याची हसताना खाली येते, त्यामुळे मला विनोद जपून ऐकावे लागतात.

तिच्याबरोबर सासूबाईंना पाठवायचं आहे.

सासूबाई म्हणजे विरजण. आमचं दही सासूबाईंच्या हातचं. कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातला उद्याच्या. साखळी तुटलेली नाही. भांडंही तेच, चिनी मातीचं, काठाला टवका उडालेलं. त्या गेल्या त्या दिवशी घरात रडारड, आणि भांड्यात आदल्या संध्याकाळी त्यांनी लावलेलं दही असं लागलेलं की सुरीने कापावं. मी तेव्हाच ओळखलं. बाई कुठे गेलेल्या नाहीत. भांड्यात बसल्यात.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे फक्त चिरंजिवाला, सुनेला, नातीला आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना.

दही आंबट झालं की त्या रागावल्यात. पाणी सुटलं की रुसल्यात. गोड लागलं की समजावं, काल मी काहीतरी बरं वागले. आता माझं वय झालं. मी गेल्यावर ही साखळी कोण सांभाळणार? सूनबाई चष्म्याच्या दुकानात सकाळी जाते ती संध्याकाळी येते. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्याकडून भांड्याची अपेक्षा करणं म्हणजे बोक्याला शिंक्याची राखण. राहिली नात. ती हो म्हणाली तर मी सुटले.

७ डिसेंबर, संध्याकाळ

थंडी पडली. खिडकीवर धुकं. दही अर्धवट लागलं, नुसतं आंबूस दूध. सासूबाईंना थंडी सोसत नसे.

टीप : हिवाळ्यात दह्याचं भांडं लोकरीत गुंडाळावं. काल चिरंजिवाच्या कामावरच्या जाड जाकिटात गुंडाळलं होतं. जरासं सांडलं. तो ते घालून गेला आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईने सुटका झाल्यावर आभार मानायचे सोडून नाकाला रुमाल लावला म्हणे. मी सांगितलं, उबेचा वास आहे.

आज एक गोष्ट घडली. दिवे लावायच्या आधी बेसिनपाशी उभी होते. कवळी धुवायला काढली होती. समोरच्या काचेत बाहेरचा अंधार. आणि त्यात सासूबाई. अगदी त्याच. कमरेत वाकलेल्या, ओठ आत गेलेले, कपाळावर ती नाराजीची आठी. मी घाबरले नाही. हात जोडले. त्यांनीही जोडले. जिवंतपणी कधी उलट नमस्कार केला नव्हता त्यांनी. मेल्यावर माणूस सुधारतं.

त्यांच्या गुडघ्याच्या मलमाचा वाससुद्धा आला. मीही मलम लावते, पण माझी ट्यूब वेगळ्या रंगाची आहे.

१० डिसेंबर

खुणा वाढल्या आहेत. लिहून ठेवते.

झाकण. आमच्या भांड्याला पितळेचं घुमटीचं झाकण आहे. माणसं झाकण पालथं ठेवतात. सासूबाई उताणं ठेवायच्या आणि त्यावर चमचा. कुणी चोरून साय खायला हात घातला की चमचा ठणकन वाजायचा. घरात मी एकटीच सून होते, तेव्हा साय कोण खायचं हे इथे लिहायची गरज नाही.

आज सकाळी उठून बघते तर झाकण उताणं. वर चमचा.

मी ठेवलेलं नाही. मी सासूबाईंसारखं काही करतच नाही. नातीला सांगितलं तर ती तोंडावर हात ठेवून आत पळाली. भ्यायली बिचारी. पाठीमागून खांदे हलत होते.

दही आज उत्तम. म्हणजे त्या स्वतः लक्ष घालतायत.

१४ डिसेंबर, रविवार

सहकुटुंब हिवाळी मजा. कल्पना माझी. ग्रुपवर टाकलं होतं, सुट्टीच्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून घरच्यांनी एकत्र काहीतरी करावं. चिरंजिवाने मोबाइलवरच अंगठा दाखवला.

दही लावायची स्पर्धा. प्रत्येकाला एक वाटी, दूध आणि सासूबाईंतला एक चमचा. ऊब ज्याची त्याने शोधायची. चिरंजिवाने वाटी इंटरनेटच्या डब्यावर ठेवली, म्हणे तो कायम गरम असतो. नातीने बंद ओव्हनमध्ये आतला दिवा लावून. सूनबाईने नुसती फळीवर ठेवली, वर झाकण, आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. मी तिला म्हटलं नाही की हा निष्काळजीपणा आहे. दोनदाच म्हटलं.

माझी वाटी स्वेटरमध्ये, स्वेटर गरम पाण्याच्या पिशवीवर, पिशवी पिठाच्या डब्यात. शिवाय मी मधूनमधून झाकण काढून बघत होते, त्यांना एकटं वाटू नये म्हणून.

खूप मजा आली. निदान मला आली.

१५ डिसेंबर, सकाळ

निकाल. सूनबाईचं दही पहिलं. वाटी उपडी केली तरी पडेना. चिरंजिवाचं दुसरं. नातीचं तिसरं. माझ्या वाटीत दूध, आणि त्यावर पीठ.

सगळ्यांना वाटलं मी हरले. अर्थ उघड आहे. सासूबाई एकच, वाट्या चार, त्या तरी कुठे कुठे पुरणार? मी घरचीच म्हणून मला शेवटी ठेवलं. जिवंतपणी जेवायला वाढतानाही असंच करायच्या.

पिठाचा डबा साफ करायचा आहे. सूनबाईने केला वाटतं.

२० डिसेंबर, संध्याकाळ

शिवणवाल्या बाई शंका काढतात. म्हणाल्या, आजी, भूत वगैरे काही नसतं, दही जंतूंमुळे लागतं. ज्यांना स्वतःच्या शिवणयंत्राची सुई सापडत नाही त्यांना जंतू दिसतात.

म्हणून आज परीक्षा. दूध कोमट करून भांड्यात ओतलं आणि विरजण घातलंच नाही. कालचं दही वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. सासूबाई असतील तर आपल्या आपण लागतील. उद्या रविवार, सगळे घरी. बाईंनाही नाश्त्याला बोलावलंय. सगळ्यांसमोर नातीच्या हातात भांडं द्यायचं. छोटंसं भाषण पाठ केलं आहे.

मनात म्हटलं, सासूबाई, एवढ्या वेळी अब्रू राखा. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. साय मागितली नव्हती, घेतली होती.

२१ डिसेंबर, सकाळी

लागलं. लागलं. आरशासारखं. झाकण उताणं, वर चमचा. शिवणवाल्या बाई येताहेत. कवळी घालते.

२१ डिसेंबर, दुपार

लिहू की नको असं झालंय.

सगळे टेबलाशी बसले. मी भाषण केलं. थेंबभर विरजण नव्हतं, तरी बघा, असं म्हणून भांडं मधोमध ठेवलं. शिवणवाल्या बाईंचा चमचा हवेत राहिला. मी नातीला म्हटलं, ऊठ, हात पुढे कर.

सूनबाई बशीकडे बघत होती. हळूच म्हणाली, "आई, ते मी घातलं."

झोपायच्या आधी तिने भांडं बघितलं. फ्रिजमधली वाटी तशीच. तिला वाटलं मी विसरले. मला वाईट वाटू नये म्हणून तिने गुपचूप विरजण घालून ठेवलं.

इथवर ठीक होतं. पण चिरंजीव. लिफ्ट अडकली तर बाहेर काढतो, पण जीभ सुटली तर थांबवता येत नाही. म्हणाला, आजच कशाला, ती वर्षभर तुला असंच सांभाळून घेतेय.

गेल्या थंडीत माझ्या छातीत कफ झाला, मी हॉस्पिटलात होते. सगळे माझ्यापाशी. भांडं फ्रिजमागे राहिलं. दह्यावर गुलाबी बुरशी आली. फेकून द्यावं लागलं. मला घरी आणलं तेव्हा मी चप्पल काढायच्या आधी विचारलं होतं म्हणे, सासूबाई कशा आहेत? आणि सूनबाई म्हणाली होती, छान लागल्यात. त्या सकाळी ती डेअरीत धावत जाऊन प्लॅस्टिकचा कप घेऊन आली होती.

म्हणजे वर्षभर मी डेअरीच्या कपाशी भांडले. त्याची माफी मागितली. एकदा तर त्याच्यासमोर रडले.

मी विचारलं, मग झाकण उताणं कशाला ठेवायचीस? मला फसवायला?

सूनबाईला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "तुम्ही तसंच ठेवता ना, आई. मी तुमचं बघूनच शिकले. वर चमचा ठेवणंपण तुमचंच. मी साय खाते म्हणून."

शिवणवाल्या बाईंना एकदम घरचं काम आठवलं. गेल्या.

२१ डिसेंबर, संध्याकाळ

बेसिनवरच्या काचेत बघितलं. सासूबाई होत्या. कवळी लावली. गेल्या.

२४ डिसेंबर

दही लावलं नाही.

टीप नाही.

घर फार रिकामं वाटतंय. आम्ही चौघं सोडून घरात कुणी नाही. इतकी वर्षं ज्या बाईचा राग केला ती नाही म्हणून मी रडावं, म्हणजे कमाल आहे. त्या बुरशी होऊन गेल्या आणि मला पत्ता नाही. मी तेव्हा सलाइन लावून पडलेली. त्यांनी निरोपही घेतला नाही. घेतला असेल तर मी झोपेत होते.

सूनबाईने आज मला न विचारता मिठाची बरणी मी सांगितलेल्या जागी हलवली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण आधीचीच जागा बरी होती.

२७ डिसेंबर

नात बॅग भरत होती. मला म्हणाली, भांडं कुठेय? मी म्हटलं, कशाला हवंय, त्यात डेअरी आहे, तुझ्या गावी डेअरी असेल की. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आजी, तुझे दात तरी मूळचे आहेत का? मी म्हटलं, नाहीत. मग चावतात ना? चावतात. मग दे.

पोरगी कोर्सला जायच्या आधीच पास आहे.

संध्याकाळी दही लावलं. सूनबाईला म्हटलं, तू लाव, मी नुसती बसते. तिने लावलं. मी खुर्चीत डोळे मिटून बसले. एकदाच सांगितलं, दूध जास्त तापलंय. डोळे मिटूनही कळतं, वासावरून.

झाकण ठेवायच्या आधी तिने सायीचा कोपरा बोटाने काढला. मला वाटलं, बोलावं. मग मीही एक कोपरा काढला.

२ जानेवारी, सकाळ

नात गेली. भांडं मांडीवर घेऊन बसली होती, चिरंजिवाच्या जाकिटात गुंडाळलेलं. तिला मी काहीही शिकवायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं आणि पाळलं. नुसतं म्हटलं, दूध जास्त तापवू नको. आणि झाकण सारखं काढू नको. आणि थंडीत इंटरनेटच्या डब्यावर ठेव, तुझा बाप दिसतो तितका बावळट नाही. आणि बोट बुडवून बघ, बोटाला राग येता कामा नये. आणि खोलीतल्या मैत्रिणीला साय देऊ नको. एवढंच. गाडी वळेपर्यंत.

मी आणि सूनबाई परत आलो. बेसिनपाशी भांड्याच्या जागी गोल डाग. दोघींनीही पुसला नाही.

नवीन संकल्प : नातीला फोन करून दह्याचं विचारायचं नाही.

२ जानेवारी, संध्याकाळ

फोन केला. उचलला नाही.

६ जानेवारी, संध्याकाळ

नातीचा फोन आला. तिने स्वतः केला, हे लक्षात ठेवावं.

दही लागलं. गोड. खोलीतल्या मैत्रिणीने वाटी पुसून खाल्ली.

मग आवाज बारीक करून म्हणाली, आजी, एक विचित्र झालं. काल गॅसवर दूध ठेवलं होतं. खोलीत मी एकटी. आणि मागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, दूध जास्त तापलंय. मी वळले. रिकामी खुर्ची.

माझे हातपाय गार पडले. आनंदाने. म्हणजे बुरशी येवो, डेअरी असो, प्लॅस्टिक असो, बाईंनी पोरीला शोधून काढलंच. सूनबाईला हाक मारली. चिरंजिवाला हाक मारली. फोनचा आवाज मोठा केला. म्हटलं, बाळा, नीट आठव. आवाज कसा होता? जाडसर? नाकातून? शेवटी जरा ओढल्यासारखा?

ती म्हणाली, "कसा म्हणजे काय, आजी? तुझा."

चिरंजीव लगेच खिडकीबाहेर बघायला लागला. सूनबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी इथे धडधाकट. सकाळपासून दोन चहा झालेत, गुडघ्याला मलम लागलंय. आणि तिकडे मी भूत होऊन बसलेसुद्धा.

दूध खरंच जास्त तापलं होतं का, ते तेवढं विचारून घेतलं. तापलं होतं म्हणाली.