पाटी नसलेली डॉक्टरीण

कसबा पेठ, शुक्रवार

मित्रवर्य दिगंबरराव यांस हमीदचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. आपली साखर आणि वहिनींचे गुडघे ताब्यात असावेत. मी हॉस्पिटलातून घरी आलो. पायांची सूज उतरली, राग उतरलेला नाही.

दुकानात घड्याळ उघडून बसलो असताना चक्कर येऊन पडलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हॉस्पिटलात बडे डॉक्टर बघतील अशी माझी समजूत. तर डॉ. पद्मजा नावाची एक मुलगी स्टूल ओढून बसली आणि खाता काय, झोपता कसे, जिना चढताना धाप लागते का, असं विचारतच राहिली. शिकाऊ असेल म्हणून मी मोठ्या डॉक्टरांना पाठवायला सांगितलं. तर म्हणाली, "चाचा, इथे दाखल झालेल्यांना मीच बघते." चौकशी केली, तर हिला दवाखाना नाही, कंपाउंडर नाही, रस्त्यावर पाटीसुद्धा नाही. अहो, दुकान नसलेल्या घड्याळजीकडे कुणी घड्याळ देईल का?

मग तिने आबेदाकडून माझा गोळ्यांचा डबा मागवला (बिस्किटांचा, तुम्ही पाहिलाय) आणि पलंगावर उपडा केला. रक्तदाबाची एकच गोळी मी दोन नावांनी घेत होतो म्हणे. एक हृदयवाल्या डॉक्टरांची, एक साखरवाल्यांची. हिने दोघांना फोन करून एकमेकांशी बोलायला लावलं! चक्कर थांबली हे खरं, पण थोरामोठ्यांचा काही मान ठेवाल की नाही?

रोज सकाळी वजन. अंगात पाणी साठतं, म्हणून मीठ बंद. एके दिवशी वजन वाढलेलं निघालं. मी काट्याला दोष दिला. तिने उशी उचलली. खाली तुम्ही आणलेली खाऱ्या दाण्यांची पुडी. (मी लगेच तुमचं नाव सांगितलं. मैत्रीत इतकं चालतं.) घरी सोडणार होती, ते रद्द केलं. बायको माझी, पण आबेदा तिच्याच बाजूने.

आणि कळस ऐका. निघताना मी आपण होऊन विचारलं, पुढच्या वेळी दाखवायला कुठे येऊ? तर म्हणाली, "माझा दवाखाना नाही, चाचा. तुमच्या डॉक्टरांना मी सगळं कळवलंय. तुम्ही घरी गेलात की माझं काम झालं." काम झालं! इतकं सगळं विचारून घ्यायचं आणि मग ओळख संपली म्हणायचं, ही कुठली रीत? मला फार लागलं, दिगंबरराव. काटा विकत आणलाय. आज वजन उतरलंय. सांगू कुणाला?

आपला,
हमीद

ता. क. तुमचा हर्निया किती वर्षं टाळणार आहात? त्याच हॉस्पिटलात करून घ्या. ऑपरेशन सर्जन करील, पण तुम्हाला साखर आहे, तेव्हा वॉर्डात बघायला तीच येईल. सोबतीला मी बसेन. वहिनींना त्रास नको.

ता. क. दाखल होताना खाऱ्या दाण्यांची पुडी विसरू नका. उशीखाली सापडली की मुक्काम वाढवते.