अर्धा आटा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले आहे. डोके ठिकाणावर असल्याचेही त्यांनीच लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या पत्नीचे. अकरा वर्षे माझा प्रत्येक रविवार बसखाली गेला. त्याची भरपाई यातून होत नाही, हे मला कळते.

२. हत्यारांची पेटी मुलीला. ती लिफ्ट दुरुस्त करते. हात माझा, डोके आईचे. मेहुण्याने पेटीला हात लावू नये. त्याने नेलेला मोठा पाना ‘माझाच’ म्हणून तो चारचौघांत सांगतो. तोही मुलीचा.

३. आता बस. दुमजली, मागे उघडा फलाट, तिथून वर जाणारा वळणदार जिना. भंगारात निघाली तेव्हा वरच्या मजल्यावर कबुतरे राहत होती. डेपोतल्या एका ड्रायव्हरने आणि मी मिळून ती घेतली. शेड माझी, म्हणून कागद माझ्या नावावर केले. लाकडी पट्ट्या, घंटीची दोरी, खिडक्यांच्या पितळी मुठी, सगळे मी मूळच्यासारखे केले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला बुटांनी पाडलेला खळगा मात्र मुद्दाम भरला नाही. वर पुढच्या सीटवर बसले की झाडांची पाने काचेला घासतात आणि पायाखाली इंजिन संथ घुमत असते. त्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

४. तो ड्रायव्हर गाडी लोण्यासारखी चालवायचा, म्हणून त्याला सगळे लोण्या म्हणत. मला ‘खालचा’ म्हणत, कारण मी कायम गाडीखाली. बस तयार झाल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला. खाली लिहिले होते, ‘बसला जिवंत करणारा माणूस’. फोटो लोण्याचा. कडेला माझे कोपर दिसत होते. तेही मी गिळले. पण एकदा फेरी मारून उतरताना माझी पत्नी सहज म्हणाली, “लोण्याभाऊजी चालवतात तेव्हा गाडी कधी सुटली ते कळतच नाही.” मी चालवताना तिला प्रत्येक वेळी कळत होते. त्या दिवसापासून मी आतून जळत राहिलो.

सहा वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांची फेरी होती. लोण्याची नात वर पुढच्या सीटवर बसली होती. सकाळी मी डिझेलच्या नळीचा नट अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, सैल केला. नळीत हवा शिरली आणि भर चौकात बस बंद पडली. लोक हसले. लोण्याने चारदा प्रयत्न केला, मग खाली उतरून आयोजकांना म्हणाला, “गाडीत दोष नाही. माझाच हात चुकला.” माझ्या कामाला बोल लागू नये म्हणून तो तसे म्हणाला. मी बाजूला उभा होतो आणि गप्प बसलो.

तो पुन्हा शेडकडे फिरकला नाही. तेव्हापासून गाडी मी चालवतो, फोटो माझे येतात. एकही घरी लावलेला नाही.

५. माझ्या पश्चात बस आणि तिची किल्ली लोण्याला द्यावी, व कलम चार त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मी जिवंत असेपर्यंत नाही. त्याला ती चालवताना मला बघवणार नाही.

ठिकाण: राहते घर. दिनांक: ३ ऑक्टोबर.
सही: मृत्युपत्र करणारा.
साक्षीदार: १) शेजारच्या निवृत्त शिक्षिका २) आमचे डॉक्टर

पुरवणी, दिनांक ५ ऑक्टोबर

कलम पाच रद्द. मुलीने कागद वाचला आणि विचारले, “बाबा, तुम्ही गेल्यावर त्यांनी रागवायचं कुणावर?” 

आज सकाळी लोण्याच्या दारात जाऊन नटाचे सांगितले आणि किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. तो आत गेला, दार लावून घेतले. मी पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तो बूट घालून. माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

“आण ती किल्ली. आधी गाडी बघू. तुझ्याशी नंतर बोलतो.”

बस शेडमधून कधी निघाली ते मला कळले नाही. मी वर बसलो होतो. जळफळाट तसाच आहे, हेही शुद्धीत नोंदवतो. बस आजपासून त्याची.

सही: मृत्युपत्र करणारा.
साक्षीदार: तेच दोघे, माझ्यासमोर व एकमेकांसमोर.